खड्डा लागला की स्टिअरिंग नाचतं? जुन्या फोर बाय फोरचा वॉबल शोधायचा कसा, फुकटच्या तपासण्यांपासून सुरुवात करून

गाडी सरळ चाललेली असते, स्पीड ५५ ते ७० च्या मधे, आणि पुलाचा जॉइंट किंवा एखादा छोटासा खड्डा पुढच्या एकाच चाकाखाली येतो, आणि स्टिअरिंग डावी-उजवी असं मारायला लागतं की दोन्ही हातांनी धरूनही आवरत नाही. बोनेट हलतं, आरसे हलतात, डॅशबोर्डमधून खडखडाट येतो. जोरात ब्रेक दाबला तर आणखी वाढतं. स्पीड ३० च्या आसपास आला की आपोआप थांबतं आणि त्यानंतर गाडी अशी चालते की जणू काही झालंच नाही. इंग्रजीत याला डेथ वॉबल म्हणतात, आपल्याकडे गॅरेजमध्ये कोणी 'पुढचं नाचतंय' म्हणतं, कोणी 'स्टिअरिंग मारतंय' म्हणतं, रोग एकच.

माझी जिप्सी आहे, सॉफ्ट टॉप, २०१६ मध्ये तिसऱ्या मालकाकडून घेतली तेव्हा मीटरवर १ लाख ६२ हजार होते, आता २ लाख ४० हजार होऊन गेले. राहायला भोरला, त्यामुळे निम्मं चालणं हायवेवर आणि निम्मं हिर्डोशी, वरंध घाटाच्या बाजूच्या रस्त्यांवर. या एका गाडीत हा वॉबल मला तीन वेळा आला आणि तिन्ही वेळेला कारण वेगळं निघालं, शिवाय मित्रांच्या आणि पाहुण्यांच्या मिळून अकरा गाड्यांचा मी बघितलाय. गाडीची बनावट वाईट म्हणून हे होत नाही, वय झालं, रबर मेलं, ग्रीस सुकलं आणि कोणी बघितलं नाही म्हणून होतं. खालचं सगळं पुढे अखंड अ‍ॅक्सल आणि पाटे (लीफ स्प्रिंग) असलेल्या गाड्यांसाठी आहे, म्हणजे जिप्सी, महिंद्राच्या एमएम ५४०, मेजर, जुन्या जीप वगैरे. पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन (प्रत्येक चाक वेगळं हलणारं) असेल तर टायर, रॉड आणि बेअरिंगचा भाग लागू पडेल, किंगपिनचा (ज्या खुंटीवर पुढचं चाक डावी-उजवी वळतं तिचा) नाही.

पहिल्यांदा आला तेव्हा शेजारच्या सीटवर वडील होते, सारोळ्याच्या नीरेच्या पुलावर जॉइंट लागला आणि सुरू झालं, मागून ट्रक येत होता. त्या दिवशी काही झालं नाही. पण तेव्हापासून ही गोष्ट मी हलक्यात घेत नाही आणि तुम्हीपण घेऊ नका, 'अधूनमधून येतो, चालतंय' म्हणून गाडी चालवणारे मी बघितलेत आणि मला त्यांची खरंच काळजी वाटते.

चालत्या गाडीत आला तर काय करायचं ते आधी सांगतो. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग घट्ट धरा पण त्याच्याशी कुस्ती खेळू नका, अंगठे स्टिअरिंगच्या आत अडकवू नका (मुरगळतात), इंडिकेटर द्या आणि ब्रेक अगदी हलका, गाडी आपोआप हळू होऊ द्या. घाबरून एकदम ब्रेक मारला की सगळं वजन पुढच्या चाकांवर येतं आणि तीच चाकं नाचत असतात.

हा वॉबलच आहे ना, ते आधी नक्की करा

पुढून येणारी प्रत्येक थरथर म्हणजे वॉबल नाही आणि चुकीच्या रोगावर पैसे गेले की खऱ्या रोगाला उरत नाहीत.

- ठरावीक स्पीडला बारीक थरथर सुरू होते, त्याच्या वर गेलं की कमी होते, खड्डा लागायची गरज नसते: बहुतेक व्हील बॅलन्सिंग.
- स्टिअरिंग शांत पण सीटखाली आणि फ्लोअरला घरघर: प्रॉपेलर शाफ्ट (चाकांकडे ताकद नेणारा लांब दांडा) आणि त्याचे क्रॉस (जोड) बघा.
- फक्त ब्रेक मारल्यावर स्टिअरिंग थरथरतं: डिस्क किंवा ड्रम वाकडे झालेत.
- वळणावर स्टिअरिंग जड, गाडी अडखळत वळते: आधी बघा फोर बाय फोरचा लिव्हर टाकलेला राहिलाय का. या गाड्यांत पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलच्या मधे डिफरेन्शियल (दोन्हींना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर) नसतं, कोरड्या डांबरावर फोर बाय फोरमध्ये वळवली की सगळं आवळून बसतं. लिव्हर काढला की संपलं, पण डांबरावर तशीच चालवत राहिलात तर ट्रान्सफर केस (पुढे-मागे ताकद वाटणारा गिअरबॉक्स) आणि शाफ्टची वाट लागते.
- खड्डा लागला की अचानक जोरात सुरू होतं आणि स्पीड पाडल्याशिवाय थांबत नाही: हा आपला वॉबल.

डँपर आधी बदलू नका

मी पहिल्यांदा हीच चूक केली म्हणून हे तपासण्यांच्या आधी लिहितोय. स्टिअरिंग डँपर म्हणजे छोटा आडवा शॉक अ‍ॅब्सॉर्बर, एक टोक चासीकडे आणि दुसरं स्टिअरिंगच्या रॉडला. नवीन डँपर बसवला आणि वॉबल गायब झाला, मी खुश, तीन महिन्यांनी पहिल्यापेक्षा जोरात परत आला. दरम्यान दोन ठिकाणी तीनदा अलाइनमेंट करून घेतलं, तिन्ही वेळा कागदावर आकडे छान आणि रस्त्यावर गाडी तशीच. ज्या टाय रॉड एंडमुळे (दोन्ही पुढच्या चाकांना जोडणाऱ्या रॉडच्या टोकाचा जोड) सगळं होत होतं तो त्या तीन महिन्यांत आणखी झिजत राहिला आणि मला कळलं नाही कारण नवीन डँपर ते दाबून टाकत होता.

ताप आला की गोळी घेतो तसं आहे हे, ताप उतरतो पण आत जे चाललंय ते चालूच असतं. पुढची दोन्ही चाकं किंगपिनवर फिरतात आणि रॉडने एकमेकांना जोडलेली असतात. जोडात खेळ (सैलपणा) नसेल आणि किंगपिन घट्ट असतील तर खड्ड्याचा धक्का तिथेच मरतो. प्रत्येक ठिकाणी थोडाथोडा खेळ साचला की तो धक्का एका चाकाकडून दुसऱ्याकडे, परत पहिल्याकडे असा फिरत राहतो आणि गाडीचा पुढे जायचा वेग त्याला ताकद पुरवत राहतो. म्हणून स्पीड पडल्याशिवाय थांबत नाही. आणि म्हणूनच बऱ्याचदा एकच पार्ट गुन्हेगार नसतो, चार ठिकाणचा थोडाथोडा खेळ मिळून हे होतं.

आता तपासण्या. क्रम मोडू नका, सुरुवातीच्या फुकट आहेत आणि अकरातल्या चार गाड्या तिथेच बऱ्या झाल्या.

१. पाणी, हवा, टायर

रिमच्या आतल्या बाजूचा चिखल धुवा. गाडी बाहेरून चकाचक असते आणि रिमच्या आत मूठभर चिखल एका जागी वाळून बसलेला असतो, तो तिथे बॅलन्सिंगचं उलटं काम करतो. भाताच्या लावणीच्या दिवसांत माझ्या मावसभावाची जीप अशीच नाचायला लागली, तो किंगपिनचे पार्ट आणायला पुण्यात नाना पेठेत निघाला होता, मी म्हटलं आधी पाइप लाव. आतून निघालेला चिखल विटेसारखा कडक होता, स्क्रू ड्रायव्हरने खरवडायला लागला. त्यानंतर आजपर्यंत वॉबल नाही.

हवा चारही टायरांत थंड असताना मोजा आणि गाडीच्या पुस्तकात आहे तेवढीच ठेवा. पंपावर सगळ्या गाड्यांना एकच आकडा भरायची सवय असते, पण जिप्सी जेमतेम टनभर वजनाची गाडी आहे, तिच्यात मोठ्या एसयूव्हीची हवा भरली की टायर दगडासारखा होऊन प्रत्येक धक्का जसाच्या तसा वर पाठवतो. पुढच्या दोघांत एकमेकांत फरक असला तर ते आणखी वाईट.

टायरवर हात फिरवा, कुठे फुगवटा आलाय का, रबर एकाच दिशेने खाल्लंय का. बाजूला चार आकडे कोरलेले असतात, उदाहरणार्थ २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. जुनी गाडी घेताना टायरची नक्षी भरपूर दिसते पण वय दहा वर्षं असतं, रबर लाकूड झालेलं. चारही टायर एकाच साइजचे हवेत, हे वॉबलसाठी तर आहेच पण फोर बाय फोर टाकल्यावर ट्रान्सफर केसवर ताण येऊ नये म्हणूनही.

आणि मग सगळ्यात भारी फुकटची टेस्ट, पुढची दोन चाकं मागे आणि मागची पुढे करा आणि त्याच रस्त्याने जाऊन या. वॉबलचा स्वभाव बदलला, म्हणजे स्पीड बदलला किंवा जोर बदलला, तर चाकात दोष आहे, बॅलन्सिंग करून घ्या. काहीच फरक नाही पडला तर टायरवर पैसे घालू नका, पुढे चला.

२. व्हील नट

पाना घ्या आणि सगळे नट समोरासमोर अशा क्रमाने आवळा. नवीन रिम बसवली असेल किंवा ड्रमला रंग मारला असेल तर रंग दबून नट सैल पडतात, म्हणून १०० किलोमीटरनंतर परत आवळायचे. पाच मिनिटांचं काम आहे.

३. बोट लावून बघायची तपासणी

पूर्ण लेखातलं हे एकच केलंत तरी चालेल. जॅक लागत नाही, पैसे लागत नाहीत, एक माणूस लागतो. गाडी सपाट जागी, चाकं जमिनीवर, न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला आणि चारही चाकांना दगड, नुसत्या हँडब्रेकवर विसंबू नका. पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवावं लागतं, मग आणखी सांभाळून, हात चाकाच्या वाटेत ठेवायचा नाही. आत बसलेल्या माणसाला सांगा की स्टिअरिंग पूर्ण फिरवायचं नाही, नुसतं डावीकडे दोन इंच, उजवीकडे दोन इंच, घड्याळाच्या लंबकासारखं सावकाश करत राहा. तुम्ही पुढून आडवे व्हा आणि प्रत्येक जोडावर बोट असं ठेवा की अर्धं बोट रॉडवर आणि अर्धं त्याच्या पुढच्या पार्टवर.

हे मला इथल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकाकांनी शिकवलं. तीन अलाइनमेंट झाल्यावर मी त्यांच्याकडे गेलो, त्यांनी माझा अंगठा धरून डाव्या टाय रॉड एंडवर ठेवला आणि पोराला स्टिअरिंग हलवायला सांगितलं. डोळ्याला काही म्हणजे काही दिसत नव्हतं, वरचं रबरी बूटसुद्धा चांगलं होतं, पण अंगठ्याला आतून बारीक टक लागत होतं, टक, टक, दर वेळेला दिशा बदलली की. रॉड आधी हलायचा आणि चाक त्याच्या मागून. नवीन टाय रॉड एंड बसवल्यावर तोच अंगठा तिथेच ठेवला तर दोन्ही एकदम हलत होते. मी डँपर आणि अलाइनमेंटवर जेवढे पैसे घालवले त्याच्या एक चतुर्थांशातही तो पार्ट आला नाही.

बोट कुठे कुठे ठेवायचं: स्टिअरिंग कॉलमच्या खालचा जोड, स्टिअरिंग बॉक्समधून निघणारा आर्म आणि त्याचा मोठा नट, ड्रॅग लिंकची (त्या आर्मपासून चाकांकडे जाणाऱ्या रॉडची) दोन्ही टोकं, टाय रॉडची दोन्ही टोकं. बॉल जॉइंट थोडा गोल फिरला तर चालतं, तो त्यासाठीच आहे, पण वर-खाली किंवा आडवा टक लागला की बदला, आणि शक्यतो जोडीने बदला. प्रत्येक कॅसल नटला (खाचा असलेल्या नटला) स्प्लिट पिन असलीच पाहिजे. पिनच्या जागी खिळा किंवा तार घातलेली मी दोन गाड्यांत बघितलीये, तो नट सुटला तर गाडीला स्टिअरिंगच उरत नाही.

आता बोट स्टिअरिंग बॉक्स आणि चासीच्या मधे ठेवा. बॉक्सच हलत असेल तर बोल्ट आवळा, आणि बोल्ट घट्ट असूनही हलत असेल तर चासीचा पत्रा नीट घासून बघा, बोल्टच्या भोकापासून केसासारखी बारीक चीर गेलेली असू शकते. चीर दिसली तर इथेच थांबा, गाडी चालवू नका, चासीचं काम येणाऱ्या माणसाकडे टो करून न्या.

बॉक्सवर एक अ‍ॅडजस्टिंग स्क्रू असतो, त्याला हात लावायचा मोह होतो. पाव आटा फिरवला की स्टिअरिंगचा खेळ कमी झाल्यासारखा वाटतो, पण जास्त आवळला तर मधोमध बॉक्स जाम होतो, वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही आणि आतले पार्ट खाल्ले जातात. बाकी सगळे जोड चांगले असल्याची खात्री झाल्यावर आणि ज्याला बॉक्स उघडता येतो त्याच्याकडूनच.

४. पाटे, शॅकल, बुश, यू-बोल्ट

रॉड कितीही नवीन असले तरी अ‍ॅक्सलच जर बुशमध्ये (पाट्याच्या टोकातल्या रबरी नळकांड्यात) आडवा सरकत असेल तर काही उपयोग नाही. माझा तिसऱ्या वेळचा वॉबल हाच होता. शॅकल (पाट्याचं टोक चासीला टांगणारी पट्टी) आणि पाट्याच्या मधे टामी (लोखंडी सळई) घालून हलका जोर द्या, रबर थोडं दबणार, पण लोखंड लोखंडाला लागून खट असा आवाज आला किंवा बुशमधून रबराचा काळा भुगा पडत असला तर बुश संपले. सगळे बदलले तरी फार पैसे जात नाहीत, वेळ जातो तो गंजलेले पिन काढण्यात, आदल्या दिवशी रात्रीच तेल मारून ठेवा. एक गोष्ट गॅरेजमध्येही विसरतात, रबरी बुशचे नट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना, हवेत लटकत असताना आवळले तर रबर पिळलेलं राहतं आणि सहा महिन्यांत फाटतं.

यू-बोल्ट (पाट्याला अ‍ॅक्सल बांधणारे) आवळून बघा, आणि पाट्यांच्या मधला सेंटर बोल्ट तुटला नाही ना ते बघा. पाट्याखालची गंजाची रेघ चमकदार घासलेली दिसली तर अ‍ॅक्सल तिथे सरकतोय.

लांब शॅकल लावून गाडी उचललेली असेल तर तेही लक्षात घ्या. सायकलचा पुढचा चिमटा थोडा तिरका असतो म्हणून हात सोडले तरी सायकल सरळ जाते, तसाच तिरकेपणा किंगपिनला असतो, त्याला कॅस्टर म्हणतात. जिप्सीला पुढचे शॅकल लांब केले की अ‍ॅक्सल फिरतो आणि हा तिरकेपणा कमी होतो, मग चाक दवाखान्यातल्या ट्रॉलीच्या चाकासारखं फडफडतं. जुनी गाडी घेतलीत आणि ती उचललेली आहे तर आधी मूळ शॅकल लावून बघा.

५. चाक उचलून बघणे

इथून पुढे जॅक आला म्हणून कळकळीने सांगतो, जॅकवर उभ्या गाडीखाली शरीराचा कुठलाही भाग घालायचा नाही. खाली लोखंडी घोडी (जॅक स्टँड) लावा. विटा नाही, सिमेंटचे ब्लॉक नाही, ते एका क्षणात फुटतात.

अ‍ॅक्सलखाली घोडी लावून एक चाक उचला. वर आणि खाली धरून हलवा, म्हणजे घड्याळात १२ आणि ६ वाजता. मग ३ आणि ९ ला धरून हलवा. फक्त आडवं हलतंय तर बहुतेक स्टिअरिंगचे जोड, परत तिसऱ्या तपासणीवर जा. वर-खाली हलतंय तर व्हील बेअरिंग किंवा किंगपिन, आणि दोघांतला फरक ओळखायची युक्ती अशी की आतल्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर व्हील बेअरिंग, तरीही राहिला तर किंगपिन. याच वेळेला फ्री व्हीलिंग हब (पुढची चाकं शाफ्टपासून सोडवणारे) असतील तर ते फ्री करून चाक फिरवा, टायरजवळ एक काठी टेकवून धरा आणि फट कमी-जास्त होते का बघा, वाकडी रिम लगेच दिसते. बेअरिंगचा घरघर आवाज कानाला ऐकू येतोच, पण पाट्यावर हात ठेवला तर त्याच्याही आधी कळतो.

व्हील बेअरिंग काढून धुऊन ग्रीस भरणं आणि अ‍ॅडजस्ट करणं घरी जमतं, पण लॉक वॉशर नवीन वापरा, जुना परत वाकवला की तुटतो.

६. किंगपिन

माझी दुसरी वेळ. टाय रॉड एंड बदलून दीड वर्ष छान गेलं आणि मग परत आला. चाकात १२-६ चा खेळ अगदी थोडा, जवळजवळ नाहीच, त्यामुळे मी बरेच दिवस इथे बघितलंच नाही. पण किंगपिनचा नुसता खेळ बघून भागत नाही, तो घट्ट आहे का हे बघायचं असतं. किंगपिनच्या वर-खाली टेपर बेअरिंग असतात आणि शिमने (पातळ पत्र्याच्या चकत्यांनी) त्यांच्यावर ठरावीक दाब ठेवलेला असतो, त्या दाबामुळेच चाक फडफडत नाही. बेअरिंग झिजून दाब गेला की खेळ दिसत नसतानाही वॉबल येतो.

तपासायचं असं: चाक उचललेलं, घोडी लावलेली, टाय रॉड त्या बाजूचा सोडवा आणि चाक हाताने डावी-उजवी वळवा. जोर लागला पाहिजे, आणि पूर्ण फिरताना सारखाच लागला पाहिजे. लोण्यासारखं फिरलं तर दाब गेलाय. मधोमध येऊन खाचेत बसल्यासारखं थांबलं तर बेअरिंगच्या रेसला (रोलर ज्यावर फिरतात त्या कड्याला) खाचा पडल्यात. माझी रेस काढून पुसली तेव्हा आत ओळीने बारीक रेघा होत्या, रोलर जिथे उभे असायचे बरोबर तिथे, नखाला लागत होत्या. गाडी आयुष्यभर जास्त करून सरळच चालते ना, त्यामुळे रोलर एकाच जागी धक्के खात राहतात.

बाहेरून दिसणारी खूण म्हणजे चाकाच्या मागचा जो मोठा लोखंडी गोळा असतो त्याच्यावरून ओघळणारं ग्रीस. त्याचा रंग बघा. घट्ट आणि काळपट असेल तर नुसतं बाहेरचं सील गेलंय. पातळ होऊन तेलासारखं ओघळत असेल तर डिफरेन्शियलचं तेल आतल्या सीलमधून येतंय, आणि ताकासारखं पांढरट असेल तर पाणी गेलंय. सील बदलायच्या आधी अ‍ॅक्सलचा ब्रीदर (हवा आत-बाहेर व्हायचं तोंड) बघा, ती छोटी टोपी चिखलाने बुजली की गरम झाल्यावर आतली हवा सीलमधून वाट काढते, आणि गरम अ‍ॅक्सल ओढ्याच्या पाण्यात उतरून थंड झाला की तिथूनच पाणी आत ओढून घेतो. मी दोन सीलं वाया घालवली तेव्हा मला हे कळलं. ब्रीदर साफ करायला एक तार आणि थोडं डिझेल लागतं बस.

किंगपिनचं काम स्वतः करायचं का? पहिल्या वेळेला नको, थांबा आणि जाणकाराकडे द्या, शक्य असेल तर शेजारी उभं राहून बघा. हब, ब्रेक, शाफ्ट सगळं बाहेर येतं, शिम कमी-जास्त करून दाब बसवायचा असतो आणि तो स्प्रिंगच्या वजनकाट्याने ओढून तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्याशी जुळवायचा असतो. शिम काढली की दाब वाढतो. अंदाजाने जास्त आवळलं तर स्टिअरिंग वळणानंतर परत येत नाही, आणि तेही तितकंच धोक्याचं. ज्याच्याकडे देताय त्याला एवढं विचारा की दाब मोजणार कसा. 'हाताला कळतं' म्हणाला आणि त्याने अशा चाळीस-पन्नास गाड्या खरंच केल्या असतील तर ठीक, नाहीतर दुसरा बघा. वरच्या आणि खालच्या शिम वेगळ्या बांधून ठेवायला सांगा, बेअरिंग चारही बदला, आणि उघडलंच आहे तर सगळी सीलं नवीन टाका कारण मजुरी एकदाच द्यायची असते.

७. आता डँपर, मग अलाइनमेंट

डँपरचं एक टोक सोडवून हाताने आत-बाहेर करा, दोन्हीकडे सारखा जोर लागला पाहिजे, मधे रिकामी जागा लागली किंवा तेल गळत असलं तर बदला.

अलाइनमेंट सगळ्यात शेवटी, कारण सैल जोडांवर घेतलेलं माप गेटच्या बाहेर पडेपर्यंतच खरं असतं. अखंड अ‍ॅक्सलला टो (पुढची दोन्ही चाकं समोर किती आत वळलीत ते) घरीही मोजता येतो. दोन्ही पुढच्या टायरांच्या मधोमध खडूने रेघ मारा, गाडी खाली घेऊन थोडी पुढे-मागे ढकला, मग दोन्ही रेघांमधलं अंतर टायरच्या पुढच्या बाजूला आणि मागच्या बाजूला टेपने मोजा, दोन्हीकडे जमिनीपासून उंची सारखी ठेवून. पुढचं अंतर मागच्यापेक्षा किंचित कमी हवं, किती ते मॅन्युअल सांगेल. पुढचं जास्त निघालं तर गाडी भटकणारच. टाय रॉड वाकलेला असेल तर माप कितीही जुळवा, खड्ड्यात तो स्प्रिंगसारखा वाकतो. काही ठिकाणी तो तापवून सरळ करून देतात. करू देऊ नका. स्टिअरिंगचा कुठलाही पार्ट तापवायचा नाही, वेल्डिंग करायचं नाही, नवीन आणायचा. अ‍ॅक्सलचं हाउसिंग वाकलंय असा संशय आला किंवा कॅस्टर मोजायचा असला तर ते घरचं काम नाही.

मी आता काय करतो

मेच्या शेवटी आणि परत ऑक्टोबरमध्ये, पाऊस उघडल्यावर, एक पूर्ण सकाळ. गाडी खालून धुतो, ग्रीस गनने प्रत्येक निपलमध्ये ताजं ग्रीस बाहेर येईपर्यंत भरतो, तिसरी तपासणी करतो, यू-बोल्ट आणि व्हील नट आवळतो, ब्रीदर काढून फुंकून बघतो, डिफरेन्शियल आणि ट्रान्सफर केसच्या तेलात बोट बुडवून रंग बघतो. महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर दोन-तीन किलोमीटर फोर बाय फोर टाकून चालवतो, नाहीतर हब आणि लिव्हर जाम होतात आणि नेमकं चिखलात अडकल्यावर कळतं. हे सगळं तारीख आणि किलोमीटर टाकून एका वहीत लिहितो. जुनी गाडी घेताना मागच्या मालकाकडे अशी वही नसते, म्हणून गाडी घेतल्या घेतल्या पहिल्याच आठवड्यात सगळी तेलं बदला आणि वरची एक ते सहा यादी एकदा पूर्ण करा, वॉबल येवो न येवो.

काम झाल्यावर ट्रायल एकट्याने घ्या, घरच्यांना बसवू नका. रिकामा रस्ता, आधी ४०, मग ५०, मग ६०, प्रत्येक वेळेला एका चाकाखाली छोटा उंचवटा येऊ द्या आणि स्टिअरिंग हलकं धरून बघा की धक्का एकदाच येऊन मरतोय की दोन-तीन वेळा परत येतोय. दोन वेळा जरी परत आला तरी कुठेतरी खेळ राहिलाय, स्पीड वाढवू नका आणि परत बोट लावायला आडवे व्हा. सगळं शांत असेल तर ५०० किलोमीटर चालवा आणि जे जे उघडलं होतं त्याला पुन्हा एकदा पाना लावा, यू-बोल्ट तर नक्कीच, माझे दर वेळेला अर्धा आटा तरी आवळले जातात.